इंदूची पाटी

कापसाचा हंगाम सुरू झाला की मला इंदू आठवते, आणि ती आठवण काही गोड नसते. दिवाळी उलटलेली असते. सकाळी अंगणात पाऊल टाकलं की माती गार लागते, बाजारात भरताची मोठी हिरवी वांगी दिसू लागतात, आणि रस्त्यारस्त्याने कापूस वाहू लागतो. ट्रकच्या दोन्ही अंगांनी फुगून बाहेर आलेला, वरून दोरांनी आवळलेला. रस्त्याकडेच्या बाभळींना त्याचे पुंजके अडकतात आणि पुढे कितीतरी दिवस तिथेच हलत राहतात. लोकांना ते बघायला छान वाटतं. मलाही वाटतं. पण त्या पांढऱ्या पुंजक्यांबरोबर छातीत कुठेतरी बारीक काहीतरी टोचतं. त्याला हेवा म्हणतात. मी त्याला दुसरं नाव देण्याच्या भानगडीत कधी पडले नाही.

परवा पुतण्याच्या गाडीतून जळगावहून धुळ्याला गेले. पारोळ्याच्या पुढे एका वळणाआधी भलीमोठी पाटी होती, उन्हात चकाकणारी, जाड काळ्या बाणांची. पुतण्याने तिच्याकडे धड पाहिलंही नाही. बोलता बोलता त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, गाडी मंदावली, वळली आणि पुन्हा पळू लागली.

"पाटी वाचलीस?" मी विचारलं.

"कुठली पाटी, आत्या?"

इंदू गाडीत असती तर खूश झाली असती. मी मात्र ती पाटी काढणाऱ्या कुणा अनोळखी माणसाच्या वतीने थोडी दुखावले.

ही गोष्ट घडली तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मी धुळ्याला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते आणि इंदू गणित. दोघी बिनलग्नाच्या, दोघी परगावच्या. ती जळगावची, मी पारोळ्याकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची. पाचव्या गल्लीत माडीवरची एक खोली आम्ही मिळून घेतली होती. खिडकीतून जिनाची, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीची, चिमणी दिसायची, आणि कापसाच्या दिवसांत तिकडून येणारं सरकीच्या उग्र, तेलकट वासाचं वारं खोलीभर व्हायचं. इंदूचा चष्मा फार जाड होता. झोपताना ती तो उशीखाली ठेवायची आणि सकाळी उठली की हाताने चाचपत शोधायची. चष्मा सापडेपर्यंत ती मला ओळखायचीही नाही, नुसता माझा आकार बघून "कमल, तूच ना?" असं विचारायची. मला तेव्हा तिची कीव यायची. माझी नजर तीक्ष्ण होती, हात वळणदार होता. शाळेच्या फळ्यावर मी सुविचार लिहिला की तो पुसायला मुलींचा हात धजत नसे. गावातल्या दुकानदारांपैकी कितीतरी जण आपल्या पाट्या माझ्याकडून कागदावर काढून घेऊन मग पेंटरकडे जात. म्हणजे त्या हंगामाच्या सुरुवातीला हेवा करण्यासारखं जे काही होतं, ते माझ्याकडे होतं.

भाऊचा अपघात त्याच वर्षी झाला. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. तो बैलगाडीत कापूस भरून पहाटे धुळ्याच्या जिनाकडे निघाला होता. वाटेत एका नाल्यावर अरुंद फरशी होती, म्हणजे पाणी वरून जाऊ देणारा बुटका, बिनकठड्याचा पूल. तिच्या दोन्ही बाजूंना उतार. एका वेळी एकच वाहन जाईल एवढीच रुंदी. भाऊची गाडी फरशीच्या मध्यावर असताना समोरच्या उतारावरून ट्रक आला. ड्रायव्हरने ब्रेक दाबले, पण उतारावर बारीक खडी होती. ट्रक घसरत आला आणि गाडी नाल्यात पडली. डावीकडचा बैल तिथेच गेला. भाऊचा पाय गुडघ्यात मोडला आणि पुढे जन्मभर न वाकता ताठ राहिला. नाल्याच्या थोड्याशा पाण्यावर कापूस पसरला होता, आणि गावातली माणसं धावत आली तेव्हा त्यांना आधी काही कळेचना, पाण्यावर हा फेस कसला ते.

दवाखान्यात तो ट्रक ड्रायव्हरही आला होता. पंजाबकडचा, चाळिशीचा माणूस. भाऊच्या खाटेजवळ जमिनीवर बसून रडत होता. "बोर्ड देखा था, भाई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पर पढ़ते-पढ़ते तो पुलिया आ गई."

भाऊ वेदनेतही आमच्या गावच्या बोलीत, आपण जिवंत आहोत ना म्हणून, त्याची समजूत काढत होता. "जाऊ द्या दादा. बैल गया, मी तं शे ना."

चौकशीसाठी रस्तेखात्याचे ओव्हरसियर आले होते. श्रीधरराव त्यांचं नाव. उंच, सावळे, खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारे. असा पुरुष मी तोपर्यंत पाहिला नव्हता; आमच्याकडचे पुरुष आपलं वाक्य पुरं करण्याच्या घाईत असायचे. त्यांनी ड्रायव्हरचं बोलणं नीट ऐकलं आणि मग मला म्हणाले, "त्या फरशीवरची पाटी अजून इंग्रजीत आहे. बारीक अक्षरं, गंजलेली. आता सगळ्या पाट्या मराठीत करायच्या आहेत, पण आमचा पेंटर जुन्याच पाटीवर तेवढंच बारीक मराठी लिहून मोकळा होतो. तुम्ही चित्रकला शिकवता असं कळलं. चांगल्या अक्षरात नमुना काढून द्याल का, ताई?"

ताई. तो शब्द तेव्हा मी ऐकून घेतला आणि मनावर घेतला नाही.

मी त्या पाटीला किती जीव लावला ते आता सांगताना विचित्र वाटतं. रोज शाळा सुटली की दवाखान्यात भाऊला डबा देऊन यायचे आणि खोलीवर बसून अक्षरं काढायचे. माझ्या भावाचा पाय त्या फरशीवर गेला होता. तिथे लागणारी पाटी माझ्याच हातची असणार, हे मला इतकं उघड वाटत होतं की दुसरा विचारच आला नाही. "सावधान. पुढे अरुंद फरशी आहे. वाहने सावकाश चालवावीत." निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं. प्रत्येक काना लेखणीने कापल्यासारखा, वेलांटीला वळण, शिरोरेषा एका दमात ओढलेली. जवसाच्या तेलात कालवलेल्या रंगाचा वास खोलीत असा बसला की जेवताना भाकरीलाही तो यायचा. श्रीधरराव बघायला आले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. "फार सुंदर आहे," ते म्हणाले. मला त्या दिवशी आणखी काही नको होतं.

इंदू कोपऱ्यात वह्या तपासत बसली होती. ती उठली, चष्मा काढला आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मला काहीच वाचता येत नाही," ती म्हणाली.

"चष्मा लाव की मग," मी म्हणाले.

"तसं नाही गं. तो ड्रायव्हर काय म्हणाला होता? वाचेपर्यंत पूल आला. मला चष्म्याशिवाय जग जसं दिसतं ना, तसंच पळत्या गाडीतून सगळ्यांना दिसत असणार. हलतं, पुसट. मला इथून अक्षरं दिसत नाहीत. एक पांढरी जाळी दिसते."

श्रीधररावांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्या पाटीकडे जसं पाहिलं होतं तसं नव्हतं ते. त्यात कौतुक नव्हतं. विहिरीत पाणी लागल्यावर खणणारा माणूस खाली वाकून बघतो तसं पाहिलं त्यांनी. मला आठवतं, माझ्या हातात कुंचला होता आणि त्याच्या टोकावरचा रंग माझ्या पातळावर टपकला, आणि तो डाग बघायलाही मला सुचलं नाही.

त्यानंतर ते रोज येऊ लागले. दारातूनच विचारायचे, "इंदूबाई आहेत का?" मी असायचेच. मी चहा टाकायचे. इंदू जुन्या कागदांवर कोळशाने अक्षरं काढायची, आणि कसली अक्षरं ती. तिचा हात मुळात वाईट. तिचा 'ह' लंगडायचा, 'ळ' कुठेतरी भलतीकडेच कलंडायचा. मला वाटायचं, हे बघून त्यांना हसू कसं येत नाही. पण ते दोघं त्या वेड्यावाकड्या अक्षरांवर वाकून भांडायचे. शब्द किती ठेवायचे. पाटी उंच की बुटकी. तिने वाक्यातला एकेक शब्द खोडत आणला. 'सावधान' गेलं. 'वाहने' गेलं. 'चालवावीत' गेलं. शेवटी वर 'अरुंद पूल' आणि खाली, त्याहून मोठा, एकच शब्द राहिला, 'हळू'.

"सरकारी पाटीवर 'हळू'?" मी चहाचे कप ठेवत म्हणाले. "घरात बाळ झोपलंय का?"

श्रीधरराव हसले. इंदू हसली नाही, तिने माझ्या बोलण्याचा नीट विचार केला आणि म्हणाली, "हो, तसंच. घरातलाच शब्द पाहिजे. घरातला शब्द वाचावा लागत नाही."

तिचा हाच गुण मला सहन होत नसे. तुम्ही टोचायला जावं आणि तिने त्यातून कामाची गोष्ट उचलावी.

मग शाळेच्या मैदानावरचा तो प्रकार. एके दिवशी सातवीच्या वर्गाला मी फुलदाणी काढायला दिली होती आणि खिडकीशी उभी होते. खाली इंदू शिपायाची सायकल घेऊन आली होती. त्या काळी आमच्या गावात बाईमाणूस सायकलवर दिसणं म्हणजे लोकांनी थांबून बघण्याची गोष्ट. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या वर्गातल्या मुली कागदावरची अक्षरं धरून ओळीने उभ्या होत्या, काळ्यावर पांढरी, पांढऱ्यावर काळी, पिवळ्यावर काळी, आणि ही चष्मा न लावता पातळाचा काचा मारून त्यांच्याकडे सायकल हाणत निघाली होती. जे अक्षर ओळखू येई ते मोठ्याने ओरडून सांगत होती. तिला सायकल धड येतही नव्हती. पिवळा कागद तिने सर्वांत आधी ओळखला, त्या आनंदात हँडल सोडलं आणि सरळ कुंपणाच्या मेंदीत जाऊन पडली. मुली किंचाळल्या. फाटकातून श्रीधरराव येतच होते. ते धावले. तिला उठवलं, तिच्या केसांतली मेंदीची पानं काढू की नको अशा संकोचात हात मध्येच थांबवला, आणि मग तो हात तसाच मागे घेतला.

तो थांबलेला हात मी वरून पाहिला. त्यांनी तिला हात लावला असता तर मला एवढं लागलं नसतं. माझ्यामागे वर्गात कुणीतरी विचारत होतं, "बाई, दांडीला सावली कुठल्या बाजूला?" मी म्हणाले, "काढ कुठेही."

मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या कानावर सायकलचं गेलंच. त्यांनी दोघींना बोलावलं. मला वाटलं, आता हे सगळं थांबेल. आणि खरं सांगायचं तर मला ते थांबायला हवं होतं. पण मोठ्या बाईंनी सगळी हकीकत ऐकली, माझ्याकडे वळून भाऊच्या पायाची चौकशी केली आणि म्हणाल्या, "दोन्ही पाट्या रस्त्यावर लावून बघा. कुठली दिसते ते ड्रायव्हर सांगेल. मी येते तुमच्याबरोबर."

असं आम्ही एका रविवारी उतरत्या उन्हात खात्याच्या जीपमधून निघालो. पुढे ड्रायव्हर रहीमभाई आणि श्रीधरराव, मागे मोठ्या बाई, मी आणि इंदू. दवाखान्यातून घरी गेलेल्या भाऊलाही फरशीवर यायचं होतं. घरच्यांनी त्याला खाटेवर घालून आणलं होतं आणि तो नाल्याच्या काठी बाभळीखाली बसला होता. रस्त्याने कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, बैलांच्या खुरांनी उडालेला फुफाटा, त्यातून तिरपं येणारं पिवळं ऊन. आधी माझी पाटी लावली होती. इंदूने हट्ट धरून दोन्ही पाट्यांसाठी एकच जागा, फरशीपासून बऱ्याच अलीकडे, उतार सुरू होण्याच्याही आधीची, ठरवून घेतली होती. "पूल दिसायच्या आधी पाटी दिसली पाहिजे. पूल दिसल्यावर पाटी कशाला?"

रहीमभाईंनी जीप पळवली. "आली, आली," ते म्हणाले, "निळी दिसते. लिहिलंय काहीतरी... सावधान... पुढे..." आणि पाटी मागे गेली. त्यांनी जीप थांबवली, मागे वळून नीट वाचली आणि मनापासून म्हणाले, "अक्षर मात्र काय देखणं आहे, बाई. कार्यालयात लावण्यासारखं."

मग माझी पाटी काढून इंदूची लावली. पिवळ्या जमिनीवर काळी जाड अक्षरं, भोवती भरपूर मोकळी जागा, डोक्यावर लाल त्रिकोण, आणि त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना सायकलच्या मागच्या चाकाशी असते तसली लाल काच. आम्ही परत लांब गेलो आणि वळलो. ह्या वेळी मी ठरवलं होतं की मी बघणारच नाही. मी मोठ्या बाईंच्या पदराकडे बघत होते. मग मान वर झाली, का झाली माहीत नाही, आणि त्या फुफाट्यातून, गाड्यांच्या, बैलांच्या, उन्हाच्या सगळ्या गोंधळातून दूरवरचा तो शब्द सरळ माझ्या डोळ्यांत आला. हळू. रहीमभाई बोलायच्या आत माझ्या तोंडून तो निघून गेला. ज्या डोळ्यांचा मला एवढा अभिमान, तेच तिला फितूर झाले.

मोठ्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना कळलं असावं.

फरशीशी भाऊ वाट बघत होता. मला वाटलं, निदान हा तरी आपल्या बहिणीची बाजू घेईल. मी त्याच्या शेजारी बसले. तो म्हणाला, "तुनी पाटी भारी व्हती, अक्का. पन हाई पाटी त्या दिनले ऱ्हाती ना, तं मना बैल जित्ता ऱ्हाता."

माझा भाऊ, माझा रस्ता, माझ्या घरचा बैल. आणि त्यांना वाचवू शकली असती ती इंदूची पाटी.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्याच दिवशी श्रीधरराव आले ते खास माझ्याकडे. मी पदर सारखा केला. ते म्हणाले, "साहेबांनी मंजूर केलंय. ह्या रस्त्यावरच्या सगळ्या अरुंद पुलांना अशीच पाटी लागणार. पण इंदूबाईंच्या हाताची अक्षरं... तुम्ही बघताच. मूळ नमुना तुम्ही काढून द्या, ताई. पेंटर त्यावरून छापे कापेल. तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही."

तो आठवडा मला आयुष्यातला सर्वांत लांब वाटला. संध्याकाळी मी पाटावर कागद ताणून बसायचे आणि इंदू शेजारी बसून सांगायची. "शिरोरेषा बारीक कर, कमल. ती जाड झाली की सगळी अक्षरं एका दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात." "'ळ'ची दोन्ही पोटं मोठी कर, दुरून भरून जातात." "त्या उकारांना जरा अंतर दे." एकेक वळण, जे माझ्या हाताने वर्षानुवर्षं कमावलं होतं, ते ती काढून टाकायला सांगत होती, आणि मी काढत होते. वाईट काढावं असं मनात येत नव्हतं असं नाही. पण हात ऐकत नव्हता. हाताला वाईट काढता येत नव्हतं. आणि डोळ्यांसमोर नाल्यातला तो कापूस होता. शेवटच्या संध्याकाळी मी कागद भिंतीला टेकवला. इंदूने चष्मा काढला, दारात जाऊन उभी राहिली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना.

"हळू," ती म्हणाली. "हळू, कमल. मला दिसतंय."

पाट्या लागल्या. लोक त्यांना 'इंदूबाईची पाटी' म्हणू लागले. श्रीधरराव कुणालाही सांगताना नेहमी म्हणायचे, "अक्षरं कमलताईंची आहेत हां," आणि लोक मान डोलवायचे आणि पुन्हा इंदूबाईची पाटीच म्हणायचे. त्या हंगामात त्या फरशीवर पुन्हा काही झालं नाही. ट्रक उताराच्या आधीच मंदावायचे, गाडीवाल्यांना पलीकडे जाऊ द्यायचे. भाऊ काठी टेकत फरशीपर्यंत जाऊन बसायचा आणि ते बघायचा. शाळेत मला भेटायला आला की त्याचं तेवढंच बोलणं असे. मी ऐकून घ्यायचे. मला आनंद व्हायचा, अगदी खरा आनंद, आणि त्याच्या जोडीला हेवाही वाटायचा. एकाच माणसाला एकाच वेळी हे दोन्ही होऊ शकतं हे मला तेव्हा नवीन होतं.

फाल्गुनात, कापूस संपत आला होता आणि जिनाचा भोंगा वाजेनासा झाला होता, तेव्हा श्रीधरराव एकदा पांझरेच्या पुलावर मला भेटले. इंदू सोबत नव्हती. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांकडे बघत ते म्हणाले, "ताई, इंदूबाईंच्या मनात काय आहे ते मला कळत नाही. मी सरळ विचारलं तर त्या माझ्याकडे गणित मांडल्यासारख्या बघतील. तुम्ही विचाराल का?"

मी विचारलं. त्याच संध्याकाळी. इंदू तांदूळ निवडत होती; खडा दिसावा म्हणून ताट अगदी नाकाशी धरून.

"श्रीधररावांना तुझ्याशी लग्न करायचंय."

तिने ताट खाली ठेवलं. "तुला कसा वाटतो माणूस?"

खोलीत जवसाच्या तेलाचा वास अजून होता. "चांगला आहे," मी म्हणाले. "दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देतो."

"हो ना," ती म्हणाली. "ते मलाही दिसलं."

वैशाखात त्यांचं लग्न झालं. रुखवतावरचं नक्षीकाम माझं होतं. लोक त्याच्यापुढून हलत नव्हते. श्रीधररावांची बदली पिंपळनेरकडच्या घाटरस्त्यांवर झाली आणि दोघं तिकडे गेली. खोली मी एकटीने ठेवली. इंदूच्या उशीची जागा रिकामी होती तरी सकाळी उठल्यावर वाटायचं, आता कुणीतरी विचारेल, कमल, तूच ना. मला तिची आठवण येत होती आणि तिचा राग येत होता, आणि ह्या दोन्हींपैकी आधी काय यायचं ते दर दिवशी वेगळं असायचं. तिची पत्रं यायची, चार ओळींची. घाटात दगडी कठड्यांना एकाआड एक चुना मारून बघतोय. धुक्यात पिवळ्यापेक्षा पांढरं बरं दिसतं असं वाटतं. तू बरी आहेस ना. मी उत्तर पाठवायचे, कोपऱ्यात एखादं फूल काढून.

मला नंतर स्थळं आली. एकाला तर मी हो म्हणायच्या बेतात होते. ते गृहस्थ बघायला आले, आणि मी एक वाक्य अर्ध्यात असताना त्यांनी आपलं सुरू केलं. मी आत जाऊन चहाची भांडी विसळत बसले. भाऊ म्हणाला, "काय वाईट शे त्यामा?" मी कपबशा पुसायला घेतल्या.

काही वर्षांनी कापसाच्याच दिवसांत इंदू धुळ्याला आली. मोठ्या बाई निवृत्त होत होत्या, त्यांच्या निरोपासाठी. कडेवर मुलगी होती, चष्म्याची भिंगं आणखी जाड झाली होती आणि केसांत एक पांढरी बट. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चल, तुझ्या भाऊला भेटून येऊ." आम्ही एसटीने निघालो. फरशीच्या अलीकडे बस मंदावली, पुढून येणारी एक बैलगाडी पलीकडे जाईपर्यंत थांबली. ड्रायव्हरने पाटीकडे पाहिलंही नाही. इंदूची मुलगी झोपली होती. इंदू माझ्याशी बोलत होती, बाराखडी न येणाऱ्या कुठल्याशा मुलाबद्दल. पाटी गेली हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

घरी गेलो तर ओटीवर छताला टेकेल एवढा कापसाचा ढीग होता. भाऊने इंदूला पाहिलं आणि काठीवर जोर देऊन उठून उभा राहिला. गावात कलेक्टर आला तेव्हासुद्धा तो खाटेवर बसून होता. वहिनीने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत केलं. जेवण झाल्यावर आम्ही दोघी ढिगापाशी बसून डागाळलेला कापूस वेगळा काढू लागलो. मुलगी कापसात लोळत होती. इंदू प्रत्येक बोंड डोळ्यांशी नेऊन बघत होती. बाहेर ऊन होतं, बैल रवंथ करत होते. इतकं निवांत होतं की मी विचारून टाकलं.

"इंदू, खरं सांग. तुला माझा कधी हेवा वाटला?"

मला काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं. माझ्या हाताचा. माझ्या नजरेचा. रुखवताचा. एकदा जरी ती 'हो' म्हणाली असती तर इतक्या वर्षांचा तराजू कुठेतरी टेकला असता.

तिने हातातलं बोंड खाली ठेवलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. ती खरोखर विचार करत होती. शाळेत एखाद्या मुलीने अवघड गणित विचारलं की करायची तसा. मागे जाऊन सगळी वर्षं बघत असावी, कुठे काही सापडतं का म्हणून. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"नाही गं," ती म्हणाली. "का? वाटायला हवा होता का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. थोडी काळजी होती, आपल्या हातून काही राहून गेलं की काय अशी. मी हसले आणि नाही म्हणाले. ती पुन्हा बोंडं बघायला लागली. मी तिच्या त्या जाड भिंगांमागच्या, दूरचं काहीही न दिसणाऱ्या, शांत डोळ्यांकडे पाहत राहिले. नवरा, मुलगी, पाटी, हे तिचं सगळं मी इतकी वर्षं तिच्याकडून मनातल्या मनात मागत आले होते. त्या दुपारी मात्र मला त्यातलं काहीच नको झालं. मला तिचं ते हेवा ठाऊकच नसलेलं 'नाही' हवं होतं. तेवढं मला कधीच काही हवंसं वाटलं नव्हतं, आणि ते मिळणार नव्हतं हेही मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

"हे बघ," इंदू म्हणाली आणि एक डागी बोंड माझ्या हातात दिलं, "हे माझ्या नजरेतून सुटलंच असतं." मी ते घेतलं आणि बाजूला टाकलं.